पंधरा सेकंदांची बादली

धरण पासष्ट वर्षांचं झालं होतं, आणि त्या वयात थोडंफार गळणारच, असं कार्यालयात सर्वांचं एकमत होतं. वीज मात्र चोख मिळत होती, त्यामुळे त्याच्या प्रकृतीची चौकशी फारशी कुणी करत नसे. ते काम एका मोजणीदाराकडे होतं.

धरणाच्या पोटात एक अरुंद, ओला बोगदा आहे. भिंतीतून झिरपलेलं सगळं पाणी तिथे एका नळीतून पडतं. मोजणीदार रोज सकाळी आठला टॉर्च घेऊन उतरायचा, नळीखाली बादली धरायचा आणि ती किती सेकंदांत भरते ते नोंदवहीत लिहायचा. नियम एकच होता: बादली भरायला पंधरा सेकंदांहून कमी वेळ लागता कामा नये. त्याच्या नोकरीची बावीस वर्षं ती अठरा-वीस सेकंदांत भरत आली होती.

एका सोमवारी ती चौदा सेकंदांत भरली. त्याने तीनदा मोजलं, तीनदा चौदाच. शिवाय बादलीच्या तळाशी चिमूटभर बारीक रेती होती, म्हणजे पाणी भिंत आतून पोखरत होतं, हे मोजणीदाराला कळलं. धरणाच्या पायथ्याशी वसाहत होती, आणि वसाहतीच्या पहिल्या रांगेत त्याचं घर. घरात बायको आणि गुडघे आखडलेली म्हातारी आई. जिना चढायला आईला अर्धा तास लागायचा. पाण्याला तेवढा दम निघणार नव्हता.

तो तडक अभियंत्याकडे गेला.

"साहेब, बादली चौदात भरली. आणि रेतीपण येतेय."

"रेतीचा रकाना आहे का वहीत?"

"नाही साहेब."

"मग रेती सोडा. नियम काय सांगतो? वेळ कमी पडता कामा नये. म्हणजे वेळ वाढवायला हवा." अभियंत्याने लगेच मुख्य कार्यालयाला पत्र धाडलं. कामाला माणूस वाघ होता.

आठ दिवसांत उत्तर आलं: "सदर बादली अपुऱ्या क्षमतेची असल्याचे निदर्शनास आल्याने ती तात्काळ बदलण्यात यावी." सोबत दुप्पट मापाची नवी कोरी बादली होती. ती सव्वीस सेकंदांत भरली. आजवर असा आकडा कुणी पाहिला नव्हता. धरणाच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा झाल्याबद्दल कार्यालयाला अभिनंदनाचं पत्र आलं, आणि वर चढत जाणाऱ्या रेघेचा एक रंगीत तक्ता वसाहतीच्या फाटकावर लागला.

"साहेब, बादली मोठी झालीय. धरण बरं नाही झालं," मोजणीदार म्हणाला.

"तुम्ही मोजणीदार आहात की डॉक्टर?"

दीड महिन्यात तीही बादली चौदावर आली. मग पिंप आलं. पिंप भरायला मिनिट लागलं आणि तक्त्याला वरून कागद चिकटवावा लागला, कारण रेघ मावेना. रेती आता चिमूटभर नव्हती, ओंजळभर होती. पिंपही पंधरा सेकंदांखाली आलं तेव्हा टाकी मागवण्यात आली. टाकी उत्तम होती, फक्त बोगद्याच्या दारातून आत जाईना. त्यावर आदेश निघाला: "मोजणीचे योग्य साधन आत नेणे शक्य नसल्याने मोजणी स्थगित करण्यात येत आहे. तोवर शेवटचा समाधानकारक आकडा रोज नोंदवावा. बोगदा ओला असल्याने कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी त्यास कुलूप लावावे." धरणाची काळजी घेणारं कुणी नाही असं म्हणायला आता तोंडच उरलं नाही.

त्या दुपारी तो जेवायला घरी आला आणि बायकोला कुलपाचं सांगितलं.

"अहो, एवढा घोर कशाला लावून घेता?" बायको म्हणाली. "तसं काही झालंच तर धरणाचा धोक्याचा भोंगा वाजेल की."

मोजणीदाराने ताट बाजूला सारलं. भोंग्याची गोष्ट तिलाही ठाऊक होती, ती विसरली होती एवढंच. दर महिन्याला भोंग्याची चाचणी व्हायची आणि आईची दुपारची झोप मोडायची. दोन वर्षांपूर्वी वसाहतीने तक्रार अर्ज केला. त्या अर्जाची दखल घेऊन कुणाचीही झोपमोड होणार नाही इतका भोंग्याचा आवाज कमी करण्यात आला. अर्जावर पहिली सही मोजणीदाराची होती.

तो उठला. शेजाऱ्याची हातगाडी आणली, आईला उचलून तीत बसवलं.

"अगं, हिला घेऊन टेकडीवर ताईकडे जा. आत्ताच्या आत्ता."

"आणि तू रे?" आईने विचारलं.

"एवढ्या रांगेत सांगून येतो."

पहिल्या दारात निवृत्त मास्तर होते. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "लेखी काही आहे का?" पुढे शिंपीण मशीन न थांबवता म्हणाली, "तुमच्याच ऑफिसचा तक्ता लागलाय की फाटकावर! सुधारतंय म्हणे." तिसऱ्या घरातून एकाने फक्त हात बाहेर काढून सांगितलं, की दुपारी दारं वाजवायची नाहीत असा वसाहतीचा ठराव आहे. एकूण तेरा दारं झाली. कुणी रागावलं, कुणी चहा घ्या म्हणालं, घराबाहेर एकही पाऊल पडलं नाही. टेकडीच्या वाटेवर हातगाडी ठिपक्याएवढी दिसत होती, तेवढंच त्याला बरं वाटलं.

मागे धरणाच्या भिंतीत बोगद्याच्या कुलूपबंद दाराखालून पाणी येऊ लागलं होतं, चहाच्या रंगाचं.

शेवटचं घर उरलं. आत पंखा छान फिरत होता. कुणीतरी आरामात पडून काहीतरी वाचत होतं, बादली, पिंप, टाकी असं काहीसं, आणि वाचता वाचता हसत होतं. मोजणीदाराने कडी वाजवली. हसणं थांबेना, म्हणून त्याने आणखी जोरात वाजवली.