मुक्कामी गाडीचा थांबा

आमच्या धायरीच्या सोसायटीत जगदाळे काका गच्चीवरून पक्ष्यांची अनाउन्समेंट करतात. माइक नसतो, तळहात तोंडाशी धरतात. ‘फलाट क्रमांक दोनवर लागलेली पळसमैना...’ एवढं झालं की खालच्या खिडक्या एकेक करून बंद होतात.

काका स्वारगेटला वाहतूक नियंत्रक होते. एसटी कधी आली, कधी सुटली, हे वहीत लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर गाड्या संपल्या, वही उरली.

त्या वहीत मी कशी अडकले, हे मलाही नीट सांगता येणार नाही. मी गच्चीवर एकटं बसायला जायचे. काकांना जवळचं दिसेनासं झालं, तेव्हा गेल्या वर्षी एके दिवशी त्यांनी पेन सरळ माझ्या हातात दिलं.

‘लिहा मॅडम. सात चाळीस. थवा एक. पक्षी अंदाजे एकोणसाठ.’

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. एकोणसाठ म्हणजे किती, हे मोबाइलवर चोरून बघितलं. अंदाजे एकोणसाठ कसे असू शकतात, हे मात्र कुठेच सापडलं नाही.

‘काका, या आल्यात की चालल्यात?’

‘दोन्ही.’

‘म्हणजे?’

‘थंडीला खाली दक्षिणेत गेल्या होत्या. आता फेब्रुवारीत परतीची फेरी. वाटेत आपल्या सावरीच्या झाडावर वस्ती. मुक्कामी गाडी कधी पाहिली नाहीत का आपण?’

नव्हती पाहिली. गावात रात्रभर थांबून सकाळी परत निघणारी एसटी, हे आईने सांगितलं.

यंदा सावरच नव्हती. फांद्यांवरचे पक्षी गाड्या घाण करतात म्हणून सोसायटीने दिवाळीनंतर ती तोडून घेतली. तरी काका रोज सकाळी गच्चीवर हजर. कठड्यावर पाण्याचं घमेलं, द्राक्षं, आणि सावरीच्या फुलांऐवजी तीन लाल बादल्या.

‘थांबा हलवला की पर्यायी व्यवस्था करावी लागते.’

‘पण त्यांना कळणार कसं?’

‘ते नियंत्रकाचं काम.’

आणि एका सकाळी त्या आल्या. जिथे सावर होती तिथे, पार्किंगच्या पत्र्यावर, गोल फिरल्या. पुन्हा फिरल्या. बादल्यांकडे एकीनेही पाहिलं नाही. काकांनी तळहात तोंडाशी नेला. मी वाट पाहिली. आवाज आलाच नाही. थवा वळला आणि सिंहगड रोडच्या दिशेने दिसेनासा झाला.

‘लिहा,’ काका म्हणाले. ‘गाडी वेळेवर. थांबा नाही. नियंत्रक जबाबदार.’

‘तुम्ही कसे जबाबदार?’

‘झाड तोडायच्या अर्जावर माझी सही आहे.’

मला काहीच कळेना. ‘तुम्ही? का?’

काका बादल्या एकात एक घालत राहिले. ‘सेक्रेटरींनी घरी चहाला बोलावलं होतं. सगळे होते. जगदाळे साहेब, बसा, म्हणाले. या सोसायटीत नऊ वर्षं झाली, मॅडम. तोवर कुणी बोलावलं नव्हतं. कागद पुढे आला, केली सही.’

त्याच कागदावर त्यांच्या वर माझी सही होती. मी तर चहालाही थांबले नव्हते.

मी खाली गेले, दोन कप घेऊन वर आले.

काकांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘आता कुठे करायचीय सही?’