चार नंबरची काच

अण्णा मुळ्यांबद्दल लिही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मी दरवेळी काहीतरी कारण काढून टाळलं. आता माझंही वय झालं आहे आणि टाळायला कारणं उरलेली नाहीत.

अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतींकडे बघायचे, मग माणसांकडे. आमच्या नातीच्या बारशाला बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. अण्णा मान वर करून तुळईकडे बघत उभे. एकदम ओरडले, "नाव मागाहून ठेवा, आधी पाळणा दोन फूट सरकवा!" पाळणा सरकवला. तुळई आजही जागेवर आहे. पण त्या दिवसापासून तिच्याखाली कुणी बसत नाही.

रेल्वेत पुलांची तपासणी करण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर पूल संपले, म्हणून त्यांनी आमच्या जुन्या शहरातला दरवाजा धरला. दरवाज्याचं नाव मी लिहीत नाही. उज्जैनच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्यांनी त्याचे फोटो पाहिलेले असतात. त्याच्या कमानीत एक भेग होती. तिच्यावर अण्णांनी काचेच्या सहा पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तडकणार. फुटलेल्या तसबिरींच्या पातळ काचा ते फ्रीगंजच्या फ्रेमवाल्याकडून आणायचे. प्रत्येकीवर नंबर आणि तारीख. रोज सकाळी दुर्बीण घेऊन कमानीखाली हजर.

समोरचा पोहेवाला विचारायचा, "ओ काँचवाले बाबा, आज क्या बोली आपकी काँच?"

"चुप है. तू भी चुप रह, और पोहे पे जीरावन मसाला ज़्यादा डाल."

मग माझ्याकडे वळून, "शरद, इंजिनिअर खोटं बोलेल, कंत्राटदार तर बोलेलच. काच खोटं बोलत नाही."

हा टोमणा मला असायचा. दरवाज्याची देखभाल ज्या खात्याकडे होती, तिथे मी उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनिअर होतो.

त्या वर्षी श्रावण तोंडावर आला आणि अण्णा तापाने पडले. मी नानाखेड्याला त्यांच्या घरी गेलो, तर अंगावर दोन रजया आणि तोंडात एकच विषय. "तीन दिवस माझ्या काचा बघशील ना रे? दुसऱ्या कुणाला सांगणार? लोक हसतात."

"बघतो अण्णा. तुम्ही झोपा."

दुसऱ्याच दिवशी चार नंबरची काच तडकलेली दिसली.

महिन्यापूर्वीच मी अहवालात लिहिलं होतं, "भेग जुनी व स्थिर आहे." शिडी न लावता, खालूनच बघून लिहिलं होतं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. पुढल्या पहाटे, पोहेवाला यायच्या आत, मी शिडी लावली, तडकलेली काच काढली, घरात पडलेल्या खिडकीच्या काचेची पट्टी कापून तिथे बसवली. अण्णांसारख्या अक्षरात चार नंबर घातला, तारीखही त्यांचीच. वाटलं, श्रावण निघून जाऊ दे, मग सावकाश बघू.

ताप उतरल्यावर अण्णांनी दुर्बिणीतून सहाही काचा पाहिल्या आणि खूश होऊन मला जिलबी खाऊ घातली. मी ती खाल्ली.

श्रावणात देवाची पालखी मिरवणुकीने निघते, तिला आमच्याकडे सवारी म्हणतात; ती त्या दरवाज्यासमोरून जाते. लोक दर्शनासाठी त्याच्या गच्चीवर दाटीवाटीने बसतात. सवारीच्या दिवशी सकाळीच माझा फोन वाजला.

"चार नंबर गेली! आरपार! शरद, धाव!"

मी पोचलो तेव्हा अण्णा गच्चीच्या जिन्याच्या तोंडाशी सतरंजी टाकून बसले होते. समोर पन्नास-साठ माणसं चिडलेली.

"बाबूजी, हटो ना यार, सामने की जगह चली जाएगी!"

"जगह क्या, पूरा दरवाज़ा चला जाएगा! मेरे ऊपर पाँव रखके जाओ!"

पोलीस म्हणाला, "किसके ऑर्डर से रोक रहे हो?"

मी ओरडलो, "मेरे!" नोकरीत एवढ्या मोठ्याने मी पहिल्यांदाच बोललो.

मग काय धमाल उडाली! कोपऱ्यावर मांडववाले स्वागताच्या मंचासाठी बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, उतरवत होते. अण्णांनी त्यांच्या म्होरक्याचा हातच धरला. "भैया, मंच बाद में, पहले ये बूढ़ा खड़ा रहना चाहिए!" पोहेवाल्याने कढई उतरवली आणि बल्लीला खांदा दिला. मघाशी भांडणारेही आले. शहात्तर वर्षांचे अण्णा, घामाने सदरा अंगाला चिकटलेला, कमानीखाली नाचत होते. "इधर टेका! पच्चर मार! धीरे... धीरे... अब ज़ोर से!" तीन वाजेपर्यंत कमानीखाली लाकडाचं जंगल उभं राहिलं, गच्ची रिकामी, दोरी बांधलेली.

संध्याकाळी ढोल-झांजा दणाणत सवारी आली. त्याच वेळी कमानीतून पाटाएवढा एक दगड निसटला आणि रिकाम्या फरशीवर आदळला. कमान कुरकुरली, बल्ल्यांवर टेकली आणि थांबली. अण्णांनी मला मिठीच मारली. "उभा आहे रे! उभा आहे!"

पुढे खात्याने चुन्यात रीतसर दुरुस्ती केली. सतर्कतेबद्दल सत्कार माझा झाला. शाल, श्रीफळ. सगळ्यात जोरात टाळ्या अण्णांच्या.

सत्कार आटोपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खिशातल्या रुमालातून काचेचे तुकडे काढले.

"ही खिडकीची काच आहे, शरद. जाड. माझ्याकडे असली काच कधीच नव्हती. म्हणजे तापात मीच कुठूनतरी आणली, शिडी चढून लावली, आणि मला काही आठवत नाही. तू बदलली असतीस तर सांगितलंच असतंस." मग हळूच म्हणाले, "माझे वडील असेच गेले. शेवटी मला 'आपण कोण?' म्हणायचे."

मी ते तुकडे परत त्यांच्या रुमालात बांधून दिले.

त्यानंतर अण्णांनी काचा लावणं सोडलं. दुर्बीण कुणाला तरी देऊन टाकली. घरात एकटेच असायचे, आणि जिकडेतिकडे चिठ्ठ्या. "गॅस बंद." "किल्ली खुंटीवर." "दूध आलं." एक दिवस मी ठरवूनच गेलो, वाक्य वाटेत दहादा घोकलं. दार उघडून ते हसले. "थांब, सांगू नकोस. शरद! बायको कुमुद, नात ईरा. बरोबर?"

"बरोबर, अण्णा."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी चहा पिऊन परत आलो.

महिन्याभरात मुलगी त्यांना जबलपूरला घेऊन गेली. तिथेच ते गेले. मुलगी म्हणाली, शेवटपर्यंत सगळ्यांना नावानिशी ओळखत होते. फक्त स्वतःवर विश्वास नव्हता.

दारात उभं राहून बोलायचं ते वाक्य एवढंच होतं: अण्णा, ती काच मी बदलली, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत, मला माफ करा.