मांगून पाहू द्या

आमचे टेकचंदभाऊ कोणतीही वस्तू मागून, म्हणजे मागच्या बाजूनं, पाहिल्याशिवाय घेत नाहीत. फ्रिज घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला तो भिंतीपासून ओढायला लावला आणि स्वतः मागच्या सांदीत शिरून बसले. थोरलीला पाहायला आलेल्या मुलाला हात धुवायच्या निमित्तानं विहिरीपर्यंत पुढं चालवलं. त्याच्या सदऱ्याला इस्त्री फक्त पुढून होती. "आळशी हाय, पण कोट घालून लपवलं नाई," असं म्हणत त्यांनी लग्न पक्कं केलं. पोरगी सुखात आहे, आता बोला!

आमगावजवळ आमचं गाव. मी शाळेत मास्तर. दिवाळीनंतर गावोगाव मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरल्या की आमची गाण्याची पार्टी निघायची. मी पेटीवर, टेकचंदभाऊ ढोलकीवर आणि त्यांच्या पाठीशी मोठा ढोल घेऊन हेतरामभाऊ. दोघं लहानपणापासूनचे जोडीदार. मग हेतरामभाऊंना लकवा मारला, उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ते दारातल्या खाटेवर रस्त्याकडं पाठ करून बसायचे. कोणाशी बोलत नसत. टेकचंदभाऊ मात्र रोज जायचे आणि त्या पाठीशीच गप्पा मारून यायचे.

त्या वर्षी मंडईवाल्यांनी बजावलं, पॅड असेल तरच या. पॅड म्हणजे रबरी खणांची पाटी. काडीनं ठोकली की ढोल, झांज, म्हणाल ते वाजतं. सगळं एकाच माणसात भागतं. म्हणजे हेतरामभाऊ बरे झाले असते तरी त्यांची जागा गेलीच होती. हे कोणी तोंडानं बोललं नाही, पण कळत सगळ्यांना होतं.

वर्गणी करून आम्ही गोंदियाला गेलो. दुकानदार मोठ्या हौसेनं दाखवू लागला. लाल-निळे दिवे लागणारा एक पॅड पाहून तर मी लट्टूच झालो. दुकानदार म्हणाला, "इसमें शेर की आवाज़ भी है."

"शेर कायले? नागझिरा जवळच हाय," भाऊ म्हणाले. "मांगून पाहू द्या."

पॅड उलटा केला, मागच्या छिद्रांवरून बोट फिरवलं आणि बाजूला सारला. दुसऱ्याचंही तेच. दुकानदार वैतागला. भाऊ शांतपणे म्हणाले, "ह्या पिना आवाज भायेर काढाच्या. मले आत घ्याची पिन पाहिजे." शेवटी कोपऱ्यातल्या धुळकट पॅडला ती सापडली. ना दिवे, ना वाघ. त्याच्यासोबत भाऊंनी पायानं दाबायचं एक पॅडलही घेतलं. मी कपाळाला हात लावला. उभ्यानं वाजवणाऱ्या माणसाला पॅडल कशाला, असं विचारलंही. ते म्हणाले, "लागते."

मंडईच्या दिवशी दुपारी माणसं जमली, पण भाऊंचा पत्ता नाही. आम्ही हवालदिल. तेवढ्यात त्यांची मोटारसायकल आली. मागच्या सीटवर हेतरामभाऊ, पडू नयेत म्हणून दुपट्ट्यानं भाऊंच्या कमरेला बांधलेले. तोंड पार उतरलेलं. त्यांना कसं राजी केलं देव जाणे. भाऊंनी त्यांना आपल्या पाठीशी खुर्चीत बसवलं, डाव्या पायाखाली पॅडल ठेवलं आणि त्याची वायर पॅडच्या मागं खोचली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला: पॅडल दाबलं की पॅडमधून मोठा ढोल वाजणार होता.

गाणं सुरू झालं. हेतरामभाऊंचा पाय हलेना. चांगल्या हातानं ते खुर्ची घट्ट धरून बसले होते. टेकचंदभाऊंनी हात थांबवले. लोक कुजबुजू लागले. उभा जन्म सगळं मागून पाहणारा हा माणूस, पण वळून काही पाहिलं नाही. काड्या उचलून नुसता उभा राहिला. मीही पेटीवरची बोटं आवरली.

आणि मागून आला ठोका. धम्म! मग दुसरा, अगदी तालावर. भाऊंच्या काड्या अशा काही सुटल्या की काय सांगू! असं वाजवणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

कार्यक्रमानंतर मी त्यांना विचारलं, "भाऊ, एकदा तरी वळून पाहायचं होतं ना?"

"कसा पाहू गुरुजी?" ते म्हणाले. "डोळे पुसाले हात कुठं होता? दोन्हीत काड्या होत्या."