हिराकाकी कोंबडे झाकते

हिराकाकी गावात शिरली की बायका आधी कोंबडे टोपलीखाली डालतात, मग तिला पाणी विचारतात. नाही डालले तर ती स्वतः डालते. साठी ओलांडलेली बाई, पदर खोचलेला, खांद्याला रेकॉर्डरची पिशवी, आणि कुणाच्या तरी कोंबड्यामागं अंगणभर धावतेय, हा तमाशा कशेळ्यापासून खालापुरापर्यंत सगळ्यांनी बघितलाय.

काकी आमच्या सामुदायिक रेडिओवर दर गुरुवारी बायकांचा कार्यक्रम करते. गावोगाव जाऊन बायकांना बोलतं करते आणि मी ते बोलणं मशीनवर साफसूफ करून लावतो. त्याआधी मी लग्नाहळदीला डीजे लावायचो. अर्ध्या तालुक्याचे कान मी फोडलेत, त्याचीच शिक्षा म्हणून देवानं मला ही बाई दिली असणार. हिला घड्याळाची टिकटिक सोसत नाही. "आवाज कुठनं येतोय रं?" हे तिचं पालुपद. मग पंखा बंद, कुकर खाली, शेळी परसात, म्हातारा खोकत असला तर म्हातारापण परसात. एकदा एका घरी नुसती चहाला गेली होती. सवयीनं उठली, भिंतीवरचं घड्याळ उतरवून गोधडीत गुंडाळलं आणि चहा पिऊन निघून आली. त्या घरच्या जावयाची गाडी चुकली. अजूनही तिथं तिला चहा मिळतो, पण घड्याळ आधी आत नेऊन ठेवतात.

मी तिला चिडवायचो, काकी, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाय. ती म्हणायची, "तू तुजी बटनं दाब."

खरं सांगू? आमच्याकडं कोंबडं झाका नाहीतर उघडं ठेवा, उजाडत काही नाही. इतकी वर्षं आम्ही सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणून ओरडतोय, दारूवर बोलतोय, पोरींची लग्नं लवकर उरकू नका म्हणतोय. एका नवऱ्यानं ऐकून बायकोचं नाव लावलं असेल तर मला दाखवा, मी त्याच्या दारात फुकट डीजे लावतो. लोक ऐकतात, मान हलवतात, म्हणतात काकी छान बोलते.

काकी आधी अशी नव्हती. उलट मागं कोंबडं आरवलं, भांडं पडलं, की ती खूष व्हायची. म्हणायची, घरातलं वाटतंय, राहू दे. मग सविता आली.

सविता आमच्याच भागातली, एका लहान गावात दिलेली. नवरा मारायचा. तिला ते एकदा कुणाला तरी सांगायचं होतं, फक्त नाव येता कामा नये. घरात सासू, तिचे कान तिखट. काकीनं डोकं लढवलं. घराला लागून भातगिरणी होती, तिच्या मागच्या भिंतीशी बसून बोलायचं, म्हणजे गिरणीच्या घरघरीत सासूला काही कळणार नाही. बरोबरच होतं ते. सासूला त्या दिवशी काही कळलं नाही. मी सविताचा आवाज जाडा केला, नाव बदललं, गाव काढून टाकलं. आम्ही दोघं स्वतःवर भलतेच खूष होतो.

त्या गिरणीचा पट्टा फाटून शिवलेला. दर फेऱ्याला टक् करून वाजायचा. गावातलं शेंबडं पोरसुद्धा तो आवाज ओळखायचं. गुरुवारी कार्यक्रम लागला आणि गिरणीवाला हरखून गावभर सांगत सुटला, आपली गिरणी रेडिओवर आली. गिरणीमागं कोण बसलं असेल हे कळायला गावाला किती वेळ लागणार? त्याच संध्याकाळी नवऱ्यानं सविताला मारून घराबाहेर काढली. पोरगी तनू, तेव्हा चार वर्षांची, ती ठेवून घेतली.

मग बैठक झाली, पोलीस ठाणं झालं. कोर्टाची तारीख पडली, पुढं गेली, परत पुढं गेली. सविता भिवपुरीजवळ माहेरी राहते. पोरीला बघायला गेली तर सासू दार लावून घेते. काकी दर रविवारी सविताकडं जायची. सविता पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत निघून जायची, एक शब्द नाही. काकी ओटीवर तासभर बसायची नि परत यायची. मी म्हणायचो, कशाला जातेस अपमान करून घ्यायला. ती ऐकेल तर ना.

यंदा काकीनं अचानक मुलांचा कार्यक्रम काढला. शाळेत जायचं, पोरांचे पाढे, गाणी घ्यायची. पहिली शाळा कुठली निवडली ते बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. तनू आता तिथंच पहिलीत होती. शिकवणाऱ्या बाईंना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी आम्हाला वर्गात घेतलं.

पोरं मजेत होती. काकीनं प्रत्येकाला विचारलं, आईला काय सांगायचं. एक म्हणाला, भेंडी करू नको. एकीला मोबाइल पाहिजे होता. तनूनं उभं राहून बेचा पाढा म्हटला, न चुकता. मग काकीनं तिलाही विचारलं.

"माझी आई मेली," तनू म्हणाली. "आजी बोलली."

हजेरीला 'हजर' म्हणावं तशी म्हणाली आणि खाली बसली.

परत आल्यावर मी ते मशीनवर लावलं. काकी म्हणाली, "काप." कुणाचा एक शब्द कापला तर माझ्याशी आठवडाभर न बोलणारी बाई ही. मी कापलं.

रविवारी मी तिला स्कूटरवरून भिवपुरीला नेलं. सविता तांब्या ठेवून वळली तशी काकीनं फोनवर तनूचा पाढा लावला. सविता उंबऱ्यातच बसली. पुन्हा लाव म्हणाली. मग पुन्हा. शेवटी विचारलं, "माजं नाव नाय काढलं तिनं?"

मी अंगणाकडं बघत राहिलो.

"काढलं ना गं," काकी म्हणाली. "आई कवा येणार, ईचारत व्हती. तवाच मेली मशीन बंद पडली."

सविता खूप रडली. मग तोंड धुऊन आली, चहा केला, काकीच्या हातात कप दिला आणि शेजारी बसली. तनू उंच झालीय का, केस कोण विंचरतं, सगळं विचारत राहिली. निघताना म्हणाली, "काकी, पुढच्या टायमाला मशीन नीट चालव गं."

काकी हो म्हणाली. रस्त्यावर येईपर्यंत ठीक चालली.

"बोलली रं माज्याशी," ती म्हणाली, आणि भर रस्त्यात खाली बसली.