जळगावचा ज

आमच्या गल्लीत तुम्ही नवीन आलात, तर सुशीलाअक्का तुमचं नाव-गाव विचारायच्या आधी तुम्हाला 'जळगाव' म्हणायला लावतील. तेही एकदा म्हणून भागत नाही. "हं, परत. सावकाश. जीभ कुठे लागते बघा." पाहुणा बिचारा दारात उभा राहून आपली जीभ शोधत बसतो.

अक्का गणिताच्या शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, अक्का प्रोग्रॅमिंग शिकल्या. मी त्यांचा शेजारी, कोपऱ्यावर माझं औषधाचं दुकान आहे. त्यामुळे या सगळ्या प्रकरणात खोकल्याच्या गोळ्या आणि हुंकार पुरवणं माझ्याकडे होतं.

प्रकरण सुरू झालं ते नानांमुळे. नाना म्हणजे अक्कांचे यजमान, भुसावळला रेल्वेत होते. डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं त्यांची नजर गेली, पण पेपर वाचायची सवय गेली नाही. रोज सकाळी अक्का मोठ्यानं वाचायच्या आणि नाना ऐकायचे. मग अक्कांनी नानांच्या फोनवर मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर घातलं. फोन बोलू लागला, "ज्यळगावात ज्यावयाची मिरवणूक."

"ज्यळगाव?" अक्का कडाडल्या. "हा कुठला ज? चांगल्याला च्यांगलं म्हणतो मेला!"

मी म्हटलं, "कंपनीकडे तक्रार करा."

"कंपनीच नाही, भाऊ. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. आतलं सगळं उघडं असतं. जगातलं कुणीही दुरुस्ती करून पाठवावी, सांभाळणारे ती तपासतात, पटली तर आत घेतात. तक्रार काय करायची? दुरुस्ती पाठवायची!"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य झालं. नळाला पाणी कमी आलं म्हणून मी कुरकुरलो की म्हणत, "दुरुस्ती पाठव." सुनेनं फोनवर अक्कांच्या आमटीला नावं ठेवली, "दुरुस्ती पाठव."

त्यांनी स्वतःची पहिली दुरुस्ती मोठ्या थाटात पाठवली. ती परत आली. सॉफ्टवेअर सांभाळणारे गृहस्थ कुठल्यातरी थंड देशातले. त्यांनी फार नम्रपणे कळवलं होतं, की आपल्या बदलामुळे मराठी सुधारली, पण हिंदी बिघडली. हिंदी आवाज आता 'त्साय' मागतो आहे. अक्का हसून हसून खाली बसल्या. "अख्ख्या उत्तर भारताचा चहा नासवला की मी!"

दुसरी दुरुस्तीही परत आली. कारण, प्रोग्रॅमच्या ओळींच्या सुरुवातीला सोडलेली जागा सारखी नव्हती. या वेळी अक्का हसल्या नाहीत. घरभर फिरत राहिल्या. शेवटी माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊ, समास नीट सोडला नाही म्हणून मी पोरांचे अर्धे अर्धे मार्क कापले. आता माझे कापले."

"मग?"

"मग काय! बरोबर कापले."

तिसऱ्या वेळी गृहस्थांनी विचारलं, नियम काय आहे? 'माझा' मधला झ वेगळा आणि 'माझी' मधला वेगळा, हे आम्हाला कसं कळावं? उदाहरणं द्या, तपासायला शब्द द्या. मग मात्र गल्लीवर संक्रांत आली. अक्का फोन घेऊन बाहेर पडल्या आणि दिसेल त्याचा आवाज नोंदवू लागल्या. भाजीवाल्या मावशींना त्या म्हणाल्या, "म्हणा, चार पेंढ्या चारा." मावशी म्हणाल्या, "अक्का, मी मेथी इकते, चारा नही." गॅसवाल्या पोऱ्यानं 'चूल' म्हटल्याशिवाय सिलिंडर आत आलं नाही. किराणावाले शेठ मूळचे राजस्थानी. अक्का त्यांना म्हणाल्या, "तुम्हाला हिंदीच्या यादीत टाकते." शेठ एवढे दुखावले, की गल्ल्यावरून उठून उभे राहिले. "अक्का, आजोबांपासून इथे आहोत!" आणि छाती फुगवून त्यांनी असं काही 'जळगाव' म्हटलं, की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. तो आवाज थेट यादीच्या डोक्यावर गेला.

एवढ्या सगळ्या धावपळीत मी एकदा विचारलं, "अक्का, पेपर तर तुम्ही रोज वाचताच. मग हा खटाटोप कशाला?"

त्या यादीत बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी काय त्यांना जन्मभर पुरणार आहे का?" आणि लगेच, "तू 'जांभई' म्हण बघू."

अखेर एका दुपारी त्या रस्त्यातच ओरडल्या, "घेतला! माझा च घेतला!"

समोरच्या वहिनी धावत आल्या. "काय घेतला? कुणी घेतला? गळ्यातलं गेलं का?"

"आत घेतला हो! ज पण घेतला!"

त्या संध्याकाळी अक्कांच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, सगळी गल्ली जेवायला. निम्म्यांना वाटत होतं नातू झाला. शेठनी तर बाळाला कपडे आणले होते; अक्कांनी ते ठेवूनही घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांची औषधं द्यायला गेलो. फोन पेपर वाचत होता. जळगाव, जावई, चांगलं, माझा, सगळं स्वच्छ. मला अगदी अभिमान वाटला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. रोज या वेळी वाचायला बसणाऱ्या बाईला आता हातांचं काय करावं कळत नव्हतं. पुसलेलाच ओटा त्या पुन्हा पुसून आल्या.

तेवढ्यात नानांनी त्यांच्या अहिराणीत हाक मारली. "अव, हाई बठ्ठं चुकी राहिनं."

"सगळं? काय चुकलं?" अक्का पुढे आल्या.

"बठ्ठंच. तू वाच."

मी तोंड उघडणार होतो. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं. लॅपटॉप टेबलावर होता, तिकडे त्या फिरकल्याही नाहीत. खुर्ची नानांजवळ ओढून त्यांनी चष्मा लावला, पेपर उघडला आणि पहिल्याच बातमीत थांबून एका मंत्र्याची खरपूस हजेरी घेतली. नाना गालात हसले. मग चाचपडत त्यांनी फोन शोधला आणि हळूच बंद केला.