राणीचा अंबाडा

निरीक्षणशक्ती माणसाला जन्मतः मिळत नाही. ती दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून येते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ (ओळख इतकी जवळची, की दाढी आम्ही एकाच आरशात करतो) या विषयातले अधिकारी समजले जातात. निवृत्त होईपर्यंत ते दुकानदारांची वजनं-मापं तपासत; आता रोमन साम्राज्याच्या प्रांतांतली नाणी जमवतात. शेजारीपाजारी त्यांना भिंगवाले म्हणतात.

राजधानीतली नाणी सोन्याचांदीची, देखणी. ती कुणीही ओळखतो. प्रांतांतल्या लहानसहान गावांनी मात्र आपापली काशा-तांब्याची नाणी पाडली आणि ती शतकानुशतकं झिजून आता अर्धवट चघळलेल्या खोकल्याच्या गोळीसारखी दिसतात. भिंगवाल्यांकडे अशी तीनशे बारा आहेत. पैकी दोनशे चाळीस कुणालाच वाचता येत नाहीत, हाच संग्रहाचा मोठेपणा मानला जातो.

उरलेल्यांपैकी बऱ्याच नाण्यांवर सम्राटाच्या राणीचा चेहरा आहे, आणि तिथे भिंगवाल्यांचा हात धरणारा कुणी नाही. राणीनं केस कसे बांधलेत यावरून ते नाण्याचा काळ सांगतात. कानामागच्या एका बटेवर त्यांनी नाणेसंग्राहक मंडळात पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. (उपस्थिती सात, जागे चार.)

मागच्या महिन्यात ते जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनाला सपत्नीक गेले. सपत्नीक अशासाठी, की बायकोच्या फोनचा कॅमेरा चांगला आहे. तिसऱ्या टेबलाशी वाकले ते चाळीस मिनिटांनी सरळ झाले. बायको शेजारी नव्हती. तिचा फोन यांच्याच खिशात होता.

आधी ते चिडले, मग घाबरले. तिला गर्दीत घेरी येते. एकटीला सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा दालनं पालथी घातली आणि ते धापा टाकत चौकशीच्या खिडकीशी पोचले.

खिडकीतल्या मुलीनं छापील अर्ज पुढे ओढला. (नाव पुकारायचं नाही, असा प्रदर्शनाचा नियम आहे. मागे एकदा एकाच नावाच्या चार बायका आल्या होत्या.)

"काका, वर्णन सांगा. केस?"

हा तर त्यांचा विषय. "मधोमध भांग. मानेवर भरगच्च अंबाडा, किंचित डावीकडे झुकलेला. त्यात तीन आकडे."

"कपडे?"

नाण्यावर खांद्याखाली काही नसतं. "खांद्यापाशी काहीतरी घडीचं असावं," ते म्हणाले.

"ओळखीची खूण?"

"चेहरा उजवीकडे."

मुलीनं हे वर्णन लाउडस्पीकरवरून तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. भिंगवाले खिडकीलगतच्या बाकावर मटकन बसले. बाकावर आधीपासून बसलेल्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. दोन घोट घेऊन त्यांनी बाटली परत दिली आणि म्हणाले, "आभारी आहे, ताई."

"अहो, निघायचं का आता?" ताई म्हणाल्या.

आवाज ओळखीचा होता. त्यांनी वळून पाहिलं. केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले, निम्मे पांढरे.

"अगं, तू इथेच? पुकारलेलं ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की, तीनदा. घेरी आली म्हणून बसले होते. तुम्हाला सांगितलंही होतं, तुम्ही 'हं' म्हणालात. तुम्ही खिडकीशी आलात तेव्हा उठणार होते. मग वर्णन ऐकलं. म्हटलं, आपल्याला नाही बोलावत."

"केस कधी कापलेस?"

"पाच महिने झाले. पार्लरच्या दाराशी तुम्हीच सोडलंत मला."

ती हसली, पण नेहमीसारखी नाही. भिंगवाल्यांना फार लाज वाटली. त्यांनी भिंग तिच्या पर्समध्ये टाकलं आणि तिचा हात धरून जिना उतरले.

तो अर्ज त्यांनी खिडकीतून मागून घेतला. संग्रहात तो आता तीनशे तेरावा आहे, आणि वाचता येणाऱ्यांत मोडतो. वाचकांनी भिंगवाल्यांना खुशाल हसावं, आमची ना नाही. फक्त त्याआधी, घरात या क्षणी आपल्या आसपास जे माणूस वावरतं आहे, त्याच्यासाठी तीनच रकाने भरावेत: केस, कपडे, ओळखीची खूण. मान वर करायची नाही.