फूटपट्टीनं वाढलेली खिचडी

सोमवारी मधल्या सुट्टीत ज्ञानबा शाळेच्या ओट्यावर चढला आणि जेवत्या पोरांच्या पंगतीकडं बोट करून ओरडला, "सर, ह्यो कुटला न्याय म्हनायचा? माज्या नातवाला एक पळी, अन् इटभट्टीवरच्या पोरांस्नी तीन-तीन?"

सिद्धराम सर हजेरीपट तसाच टाकून बाहेर आले. सोलापूरजवळ होटगीच्या पुढच्या या वस्तीशाळेवर मुख्याध्यापक म्हणून येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. एकोणपन्नास पोरं, दोन शिक्षक, एक पत्र्याची स्वयंपाकखोली आणि त्या खोलीत गेली अकरा वर्षं खिचडी शिजवणाऱ्या चांगुणाबाई, एवढाच त्यांचा कारभार. ज्ञानबा हा शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य, चाळीस शेरडांचा धनी, आणि हळू बोलणं हा प्रकार त्याला कुणी शिकवलेलाच नव्हता.

सरांनी पंगतीकडं पाहिलं, तर तक्रार खरी होती. चौथीतल्या बिरुदेवच्या, म्हणजे ज्ञानबाच्या नातवाच्या ताटात एक पळी खिचडी होती, आणि शेजारी बसलेल्या दुसरीतल्या राजश्रीच्या ताटात चांगला ढीग. चांगुणाबाई कुणाला काही न विचारता वाढत चालल्या होत्या. इथं एक, तिथं दोन, पुढच्याला तीन.

"शुक्रवारी तालुक्याच्या मॅडम तपासनीला येनार हायत न्हवं?" ज्ञानबा म्हणाला. "तवर ह्ये सुदारलं न्हाय तर समद्यांम्होरं सांगनार. लेखी कागुद देनार. बाईच बदला म्हननार!"

सर गणिताचे. एक खडू दोन पोरांत वाटायचा झाला तर ते मोजून बरोब्बर मधोमध तोडत, आणि एक तुकडा मोठा निघालाच तर तो पुन्हा तोडत. असल्या माणसाला हा पंक्तिप्रपंच कसा सहन व्हावा? त्यांनी तिथल्या तिथं विचारलं, "चांगुणाबाई, असं का?"

चांगुणाबाईंनी एकदा पोरांकडं पाहिलं, एकदा सरांकडं. "लागंल तसं वाढते, सर."

"म्हणजे कसं?"

"म्हंजी लागंल तसं की." आणि त्या पळी घेऊन पुढच्या ताटाकडं वळल्या.

आता या उत्तराचा लेखी खुलासा काय कपाळ करायचा! पण सर मनानं चांगले. अकरा वर्षं राबलेली बाई अशी एका कागदापायी घरी जाऊ नये, असं त्यांना मनापासून वाटलं. संध्याकाळी कुलूप लावताना ते म्हणाले, "उद्यापासून तुम्ही फक्त शिजवायचं. वाढणार मी. सगळ्यांना समान. मग बघू तुम्हाला कोण नावं ठेवतो ते."

"बरं, सर," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावरून त्यांना बरं वाटलेलं काही दिसलं नाही.

मंगळवारी सरांनी सोलापुरातल्या आपल्या घरून स्टीलची एक वाटी आणली. वाटी खिचडीत बुडवायची, वर लाकडी फूटपट्टी फिरवून सपाट करायची आणि ताटात उपडी घालायची. प्रत्येकाला दोन वाट्या, एक शीत कमी नाही की जास्त नाही. पोरांना लई मजा वाटली. एकोणपन्नासाव्या ताटापर्यंत पोचेस्तोवर खिचडी गार झाली आणि सरांच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत पिवळी झाली. पण वाटप असं झालं होतं की तराजूत घालून बघा.

बिरुदेवपाशी आल्यावर चांगुणाबाई मागून एवढंच म्हणाल्या होत्या, "त्याला येवढं जात न्हाय, सर."

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले.

जेवणं झाली आणि सर बादलीजवळ गेले. रोज उरलंसुरलं ज्या बादलीत टाकायचे, तिचा तळसुद्धा कधी झाकत नसे. चार घास पडायचे, तेही कावळे न्यायचे. आज बादली अर्धी भरली होती. तेवढ्यात राजश्री ताट धुऊन तिथं आली. तिचं ताट इतकं लख्ख होतं की ते धुतलं नसतं तरी चाललं असतं.

"सर, ही बादली कुटं जाती?"

"ज्ञानबांच्या शेळ्यांना."

राजश्रीनं जरा विचार केला. "रोज मिळनार काय त्यास्नी?"

हिला अजून एक वाटी घालावी असं त्यांच्या मनात आलं, पण घातली की ज्ञानबाचा कागद आलाच. "तुझं पोट भरलं ना गं?" त्यांनी विचारलं. राजश्रीनं मान हलवली, ती होकाराची होती की पोरीला सरांचा मान ठेवायचा होता, हे काही सरांना कळलं नाही.

बुधवारी सरांनी दुसरा नियम काढला. ताट रिकामं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आपलं अन्न दुसऱ्याला द्यायचं नाही. झालं! सुट्टी संपली, घंटा झाली, तरी नऊ पोरं ताटापुढं बसून. पुढारी बिरुदेव. घरून निघताना तो दोन ज्वारीच्या भाकरी दुधात कुस्करून खाऊन यायचा, त्या पोटात दोन सपाट वाट्या खिचडी मावणार कुठं? सरांनी हार मानली नाही. तेराचा पाढा त्यांनी तिथंच ओट्यावर घेतला. फळ्यावर तेर आठे लिहायला ते वळले आणि परत बघतात तो काय, नऊच्या नऊ ताटं रिकामी!

"शाब्बास!" सर एवढे खूश झाले की त्यांनी नऊ ताटांचा फोटो काढून केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या शाळेत एक शीतही वाया नाही.' बारा अंगठे आले. एका सरांनी तर हात जोडले.

गुरुवारी सकाळी प्रार्थना चालू असतानाच ज्ञानबा आला. त्याच्या हातात खाकी कापडाची एक लक्तरं झालेली वस्तू होती.

"वळखा बगू काय हाय ह्ये!"

सरांना ओळखता येईना.

"चड्डी हाय! बिरूची! खिशात खिचडी भरून आनली की ओ बेण्यानं! शेरडांस्नी वास लागला. पोरगं म्होरं अन् चाळीस शेरडं मागं, थेट रेल्वेच्या फाटकापतुर! बोकडानं खिसा धरला त्यो सोडलाच न्हाय. फाटकवाला हसून हसून खाली बसला. अब्रू गेली माजी!"

प्रार्थना थांबली. सरांनी चौकशी केली, तेव्हा एकेक भानगड बाहेर पडली. एकीनं खिचडी कंपासपेटीत भरली होती. दोघांनी टोपीत. आणि एका हुशार मुलानं भूगोलाच्या पुस्तकात, बरोबर सोलापूर जिल्ह्याच्या नकाशावर, पानं दाबून बसवली होती. तिथं आता मुंग्यांची रांग लागली होती.

"आदी बाई वाढत हुती ती चुकत हुती, आता तुमी वाढताय त्ये त्याहून चुकतंय," ज्ञानबानं निकाल दिला. "उद्या मॅडमम्होरं दोन्ही सांगनार!"

सरांनी दुसरा नियम मागं घेतला. दुपारी बादली पुन्हा अर्धी भरली. सर डोकं धरून बसले. समान वाढावं तर अन्न वाया जातंय, वाया जाऊ देऊ नये तर पोरांच्या चड्ड्या जातायत, आणि चांगुणाबाईंच्या हाती पळी द्यावी तर त्यांची नोकरी जातेय. गणितात याला काहीतरी उत्तर असायला हवं होतं.

शुक्रवारी तालुक्याच्या महेश्वरी मॅडम स्कूटीवरून आल्या, त्या आधीच्या दोन शाळा उरकूनच. बरोबर वजनाचा ताणकाटा आणि छापील फॉर्म. फॉर्मवर दोनच गोष्टी ठळक होत्या: किती अन्न वाया जातं, आणि सर्व विद्यार्थ्यांना समान वाटप होतं का. ज्ञानबा नवा पटका बांधून ओट्याच्या कडेला हजर होता. खिशातून कागदाचं टोक बाहेर डोकावत होतं.

पंगत बसली. सरांनी वाटी भरली, फूटपट्टी फिरवली, उपडी घातली.

"हे काय करताय, सर?" मॅडमनी विचारलं.

"समान वाटप, मॅडम," सर म्हणाले. "आधी चांगुणाबाई वाढायच्या, मंगळवारपासून मी वाढतो." आवाज जरा चिरकला.

मॅडम फॉर्म हातात धरून मागं मागं चालत राहिल्या. करता करता बिरुदेवचं ताट आलं. पहिली वाटी पडली. सरांनी दुसरी भरली, सपाट केली, उचलली, आणि कडेवरून ज्ञानबा किंचाळला, "अवो सर, नगा वाडू! दोन भाकरी अन् तांब्याभर दूद वरपून आलाय त्यो! परत माज्या शेरडांस्नी वास लागंल!"

मॅडम ज्ञानबाकडं वळल्या. "मग किती वाढायचं त्याला?"

"एकच पळी की! तेवडंच लागतंय त्याला."

"आणि चांगुणाबाई किती वाढायच्या?"

ज्ञानबानं न सुटलेला पटका उगाच नीट केला. "एक," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा इतका हळू म्हणाला की मॅडमना पुढं वाकावं लागलं.

मॅडम स्वयंपाकखोलीच्या दारात गेल्या. मागोमाग सर. "चांगुणाबाई, कुणाला किती लागणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"

चांगुणाबाईंनी दोघांनाही आत घेतलं आणि आवाज खाली आणला. "नळावरनं, मॅडम. सकाळी मी तांदूळ निवडत दारात बसती. घरी खाऊन आल्यालं पोर दप्तर टाकून आदी खेळायला पळतंय. उपाशी आल्यालं आदी नळाला तोंड लावतंय. भट्टीवर आईबाप दिस उगवायच्या आदी कामाला जात्यात, चूल पेटतीया दुपारी. मग पोरं पान्यानं पोट भरून येत्यात. कोन किती येळ पितंय त्ये बगती, अन् तसं वाडती. भट्टीवरचंबी एकांदं खाऊन येतंय कवा, त्याला मग एकच. अन् बिरूची आई आजारी हुती तवा बिरूलाबी तीन वाडल्यात की."

"मग सोमवारी हे मला का नाही सांगितलं? नोकरीवर आलं होतं तुमच्या!" सर म्हणाले.

"तुमी पंगतीत इचारलं, सर. पोरांम्होरं कसं सांगू, कोन उपाशी आलंय त्ये? लाज वाटती पोरांस्नी."

"नंतर सांगायचं."

"नंतर तुमीच म्हनलासा, मी वाडनार. येवढ्या मोट्या मानसाला हौस आली म्हनल्यावर..." चांगुणाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

तेवीस वर्षं ते पोरांना मोजायला शिकवत होते. आणि ही बाई अकरा वर्षं रोज एकोणपन्नास पोटं मोजत होती, कागद नाही, वाटी नाही, आणि कुणाचं नाव कुणाला कळू दिलं नाही. नळ तर ऑफिसच्या खिडकीसमोरच होता. सरांना स्वतःची लाज वाटली आणि त्या बाईचा एवढा अभिमान वाटला की त्यांनी हातातली वाटी गुपचूप मागं लपवली.

मॅडम मात्र सरकारी माणूस, लगेच विश्वास ठेवतील कशा? "बरं, मग आज कोण कोण उपाशी आलंय सांगा. हळूच सांगा."

चांगुणाबाईंनी दारातून नजर फिरवली. "राजश्री. तिच्या पल्याडची दोन भावंडं. खांबाजवळचा त्यो यशपाल. पाचवीतली तिगं." त्या थांबल्या. पदराशी चाळा करत राहिल्या.

"एवढेच?"

"अजून एक हाय. पन सांगू का नको?"

"सांगा की."

"तुमी, मॅडम."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मी?"

"आल्या आल्या उभ्या उभ्या तीन पेले पानी प्यालासा की. लांबनं बगितलं मी."

आता ते तीन पेले सरांनीच स्वतःच्या हातानं भरून दिले होते! उन्हातून आल्यात, तहान लागली असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं होतं. "सकाळी सहाला घर सोडलं," मॅडम हळूच म्हणाल्या. "डबा घरी स्वयंपाकाच्या ओट्यावरच राहिला."

चांगुणाबाईंनी ताट काढलं. सरांनी पळी धुऊन दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली, आणि ती घेऊन चांगुणाबाईंनी आधी बाहेर जाऊन पंगत मार्गी लावली. बिरुदेवला आता काही नाही, कुणाला जास्त झालेलं शेजारच्या ताटात, यशपालला अजून दोन, राजश्रीला दोन. मग मॅडमच्या ताटात तीन. मॅडम पोरांच्याच पंगतीत मांडी घालून बसल्या आणि अशा जेवल्या की बघणाऱ्याला भूक लागावी. ज्ञानबानं तेवढ्यात खिशातला कागद काढला आणि चुलीत सरकवला.

जेवता जेवता मॅडमनी डाव्या हातानं फॉर्म पुढं ओढला. "सर, समान वाटप होतं का, या रकान्यात काय लिहू? बिरुदेवला एक, मला तीन."

"हो लिहा, मॅडम," सर म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज चिरकला नाही. "सगळी सारखी भरल्या पोटानं उठतायत."

मॅडमनी 'हो' लिहिलं. सही केली. उरलेल्या अन्नाचं वजन करायला ताणकाटा काढला, तर बादलीत वजन करण्याजोगं काही नव्हतंच. मग त्यांनी आपलं ताट पुढं केलं. "चांगुणाबाई, झकास झालीय खिचडी. अजून एक पळी वाढा."

चांगुणाबाईंनी पळी भरली, मॅडमच्या तोंडाकडं एकवार नीट बघितलं आणि मान हलवली.

"बास आता, मॅडम. तुमाला जानार न्हाय, उरंल."

तालुक्याच्या अधिकारी बाई, पण मुकाट्यानं त्यांनी ताट मागं घेतलं. ती पळी राजश्रीच्या ताटात गेली.